सोबतीची गोळी

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही गोष्ट एकट्यानं केलेली नाही आणि दुसऱ्या कुणाला करू दिलेली नाही. दाजी म्हणजे माझे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो, आणि ते मला, आमची नातवंडं शाळेत जायला लागली तरी, अजून ‘पाव्हणं’च म्हणतात. कळमनुरीला पंचायत समितीत कारकुनी करून निवृत्त झालेला, बुटका, गोरा, सतत बोलणारा माणूस. त्यांच्याइतका जीव मला कुणी लावला नाही आणि त्यांच्याइतकं मला कुणी दमवलंही नाही. या वयात दमायला फारसं कारण लागत नाही, ते काम गुडघेच बघतात. पण दाजी हिंगोलीला आमच्याकडे मुक्कामाला येऊन गेले की मी नुसता आडवा पडून असायचो. बायको विचारायची, काय होतंय? सांगण्यासारखं काहीच नसायचं. माणूस फक्त सोबत असायचा, सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत.

तुम्ही त्यांच्या घरून निघालात की ते चपला घालणार हे ठरलेलं. ‘फाटकापर्यंत येतो’ म्हणत ते कोपऱ्यापर्यंत यायचे, कोपऱ्यावरून स्टँडपर्यंत, आणि गाडी लागली की जागा धरायला म्हणून तुमच्याआधी आत चढायचे. एकदा मी हिंगोलीला परत निघालो होतो. गाडी सुटली तरी हे माझ्या शेजारीच. म्हटलं, दाजी, उतरा की. तर म्हणाले, “तुमी येकटेच काय करताल गाडीत?” हिंगोलीला घरी आले, चहा घेतला, पोहे खाल्ले. मग त्यांना परत पोचवायला मी स्टँडवर गेलो, तर खिडकीतून तोंड काढून गाडी हलेपर्यंत मला म्हणत राहिले, “चला की पाव्हणं, बसा की.” त्या दिवशी माझी एक सुटी अशी गेली. कशात गेली असं कुणी विचारलं असतं, तर एकमेकांना पोचवण्यात गेली असंच सांगावं लागलं असतं.

दुखण्यात तर त्यांच्या या स्वभावाला ऊतच यायचा. मला चष्मा लागला तेव्हा ते माझ्याबरोबर डोळे तपासायला आले. त्यांची नजर स्वच्छ निघाली, तरी बिननंबरी काचांचा चष्मा करून घेतला आणि वर्षभर लावला, का तर मला अवघडल्यासारखं वाटू नये. माझी दाढ काढायची होती तर दातांच्या डॉक्टरला माझं दुखणं त्यांनीच सांगितलं, इतकं रंगवून सांगितलं की डॉक्टर त्यांनाच खुर्चीत बसवायला निघाला. शेजारच्या एका गृहस्थाचं मीठ बंद झालं, यांनी स्वतःच्या घरात अळणी सुरू केलं. आणि त्याच गृहस्थाची म्हातारी आई वारली तेव्हा कहरच झाला. शेजाऱ्यानं डोकं भादरलं म्हणून यांनीही भादरलं. मग काय, गावातले लोक दाजींकडे भेटायला येऊ लागले, दारात बसू लागले, कोण गेलं म्हणून विचारू लागले. दाजी कुणाला परत पाठवत नव्हते. चहा पाजत होते, गेलेल्या म्हातारीचे गुण सांगत होते, आणि मध्येच डोळे पुसत होते. खरं रडत होते, नाटक नाही, मी स्वतः पाहिलंय. मला त्यांचा राग यायचा तो असा अर्ध्यातच विरून जायचा.

आक्का, म्हणजे माझी मेव्हणी, अगदी उलट. मोजकं बोलणारी, एकदा नाही म्हणाली की नाही. रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरनं तिला रोज सकाळची गोळी लावून दिली, आणि तिनं ती घ्यायला साफ नकार दिला. “मला काय धाड भरली? कशाला जलमभर गोळ्या गिळू?” माझी बायको समजावून थकली, तिचा पुण्याचा मुलगा फोनवर रडकुंडीला आला. पुढं कधीतरी कळलं की आक्का गोळी घेते, आणि अगदी नेमानं घेते. आम्हाला बरं वाटलं. ती कशी वळली हे कुणी विचारलं नाही. घरातल्या ज्या गोष्टी आपोआप सुटतात त्यांच्या खोलात आम्ही जात नाही.

गेल्या वर्षी बायकोच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. दाजी आणि आक्का हिंगोलीला आमच्याकडे आले. बायकोला काळा चष्मा दिला होता, तेव्हा दाजीही काळा चष्मा लावून घरभर हिंडत होते आणि खुर्च्यांना धडकत होते. सकाळी नाश्त्याला मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. दाजी ऑफिसातल्या कुठल्याशा साहेबाची गोष्ट सांगत होते, मी ती अनेकदा ऐकलेली असल्यामुळे खाली बघून खात होतो. मध्येच घरात एकदम शांत झालं. मला आधी बरं वाटलं, मग लक्षात आलं की दाजी वाक्य अर्ध्यावर सोडणारा माणूस नव्हे. मान वर केली तर ताटली त्यांच्या मांडीवर कलंडली होती, उजवा हात लोंबत होता, तोंड एका बाजूला गेलं होतं, आणि त्यातून नुसतं ‘बा, बा’ निघत होतं. आक्का उठून उभी राहिली. “ह्याहिला काय होऊन राहिलं बघा भाऊ,” एवढंच म्हणाली. शेजाऱ्यांची गाडी काढली. बायकोला घरीच ठेवलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण हातापायाला घाई आणि बोलण्यात शांतपणा. आधी विचारलं, कधी सुरू झालं. नाश्त्याच्या वेळी, आमच्या डोळ्यांसमोर, तासही झाला नाही, असं मी सांगितलं. मग डोक्याचा स्कॅन काढला आणि आम्हाला बाजूला घेतलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे, रक्तस्राव झालेला नाही, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, ते पहिल्या काही तासांतच देतात आणि जितकं लवकर तितकं चांगलं. पण काही जणांना त्यानंच मेंदूत रक्तस्राव होतो आणि माणूस जाऊही शकतो. हे सगळं त्यांनी आक्काला समजेल असं सांगितलं. मग विचारलं, “यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत? रक्त पातळ करायची, शुगरची, बीपीची?” मी म्हणालो, काही नाही, माणूस ठणठणीत. आक्का म्हणाली, “त्याहिला काय बी न्हाई. बीपी मला हाय.”

पुण्याला फोन लावला. मुलगा म्हणाला, काका, तुम्ही तिथं आहात, तुम्हीच ठरवा. आक्का म्हणाली, तुमी म्हणताल तसं. मी आयुष्यभर पोस्टात बसून लोकांच्या सह्या घेतल्या, पण सही करताना हात असा जड झालेला मला आठवत नाही. इंजेक्शन द्यावं तर रक्तस्रावाची भीती, न द्यावं तर हा माणूस उरलेलं आयुष्य ‘बा, बा’ करत काढणार. ज्यानं माझी दाढसुद्धा मला एकट्याला काढू दिली नाही, त्याच्या मेंदूचं मी एकट्यानं ठरवायचं. अशा वेळी विचारायला मला एकच माणूस माहीत होता, आणि तो आत खाटेवर पडला होता. मी सही केली आणि बाकावर येऊन बसलो. 

सलाईनमधून औषध हळूहळू जात होतं. नर्स सारखी येऊन बीपी बघायची, हात वर करा म्हणायची. थोड्या वेळानं दाजींची उजवी बोटं हलली. मग हात जरासा उचलला. मी काचेतून बघत होतो, तर त्यांनी माझ्याकडे पाहून ओठ जुळवले आणि ‘पाव्’ असं काहीतरी म्हणाले. पुढचं अक्षर आलं नाही, पण मला तेवढं पुरलं. मी आक्काला म्हणालो, सुटलो आपण. तिनं पदरानं तोंड पुसलं.

आणि मग ती नर्स आत गेली ती धावतच बाहेर आली. दाजींचा उजवीकडचा ओठ सुजला होता. डॉक्टरीणबाई आल्या, जीभ बघितली, तर जीभही त्याच बाजूनं फुगत चाललेली. सलाईन बंद झालं, दुसरी इंजेक्शनं सुरू झाली, भूलतज्ज्ञाला बोलावणं गेलं. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन पुन्हा तेच विचारू लागल्या, “नीट आठवा, बीपीची गोळी घेतात का?” मी पुन्हा नाही म्हणालो. आक्का माझ्याकडे बघत होती, तिला प्रश्नच कळत नव्हता.

“गोळी माही हाय,” ती म्हणाली. “हे आपले माझ्यासंगं घेतात.”

“संगं म्हणजे? रोज?”

“रोज. मी येकटी घेत नव्हते ना. मंग हे म्हणले, घे, मी बी घेतो तुझ्यासंगं. तवापासून दोघं घेऊन राहिलो. आज बी घेतली.”

“पण त्यांना बीपी नाही ना?”

“न्हाई. सोबत म्हणून.”

डॉक्टरीणबाईंनी गोळीचं पाकीट मागितलं. आक्कानं पिशवीतून काढून दिलं. त्यांनी नाव वाचलं आणि क्षणभर डोळे मिटले. मग आम्हालाच सांगितलं, न रागावता: या जातीची गोळी घेणाऱ्यांना या इंजेक्शननं कधीकधी जीभ सुजते. आधी कळलं असतं तरी इंजेक्शन दिलंच असतं, फक्त पहिल्यापासून जिभेवर जास्त नजर ठेवली असती. आता श्वास अडला तर घशात नळी घालावी लागेल, आणि गुठळीच्या औषधावर नळी घालणं म्हणजे रक्त येण्याची भीती. सगळी तयारी करून ठेवली आहे, थांबून बघू. त्या आत गेल्या. आम्ही थांबलो.

त्या थांबण्याबद्दल काय सांगू? मी दाजींच्या बडबडीला इतकी वर्षं कंटाळलो, आणि आता नजर लावून बघत होतो ते नेमकं त्यांच्या जिभेकडे. ती फुगून त्यांच्या श्वासावर उठली होती. मला मध्येच हसू येत होतं. शेजारी आक्का संतापली होती. “म्या म्हणले होते का, तुमी बी घ्या म्हणून?” हे ती मला विचारत होती, जणू मीच गिळली होती गोळी. “लग्नापासून असंच हाय. मला पहिल्यांदा दिवस गेले तवा उलट्या व्हायच्या, तर हे बी बाहेर जाऊन वकायचे. सासू म्हणायची, ह्याला काहून होऊन राहिलं?” आणि मग ती रडली, मी तिला कधी रडताना पाहिलेलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तसाच ठेवून बसलो.

नळी घालावी लागली नाही. दुपार कलली तशी सूज थांबली, संध्याकाळपर्यंत उतरू लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन काढला, मेंदूत रक्त नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी बाकावरच झोपून गेलो.

दाजी वाचले. हात जवळजवळ पूर्वीसारखा झाला, चालतात, जेवतात. बोलणं मात्र अर्धंच परत आलं. शब्द शोधावा लागतो, पाणी हवं असतं आणि भलतंच तोंडात येतं, मग ते वैतागून हात झटकतात आणि गप्प होतात. व्यायाम सांगितलेत, ते करतात. हल्ली ते आमच्याकडे आले तरी मला थकवा येत नाही. सगळी दुपार आम्ही समोरासमोर बसतो, कुणी काही बोलत नाही, आणि संध्याकाळी मी अगदी ताजातवाना असतो. हा ताजेपणा मला नको आहे. ती साहेबाची गोष्ट एकदा त्यांनी शेवटापर्यंत सांगावी, मी खाली न बघता ऐकेन, असं मला फार वाटतं.

परवा कळमनुरीला गेलो होतो. आता त्यांच्या घरात गोळ्या वेगवेगळ्या आहेत. दाजींच्या दाजींना, आक्काची आक्काला, आणि तिचं पाकीट तिनं कपाटात कुलपात ठेवलंय. दाजी खाटेवर बसल्या बसल्या डुलकी घेत होते. आक्कानं कुलूप काढलं, गोळी घेतली, पाणी प्याली. मी थट्टेनं म्हणालो, “आक्का, आता तुम्ही सोबतीशिवायसुद्धा घेता की. पूर्वी तर किती नखरे.”

ती हसली नाही. खाटेकडं एकदा बघून आवाज खाली आणून म्हणाली, “घ्यावीच लागती भाऊ. मला काई झालं तर हा माणूस मागं ऱ्हाणार न्हाई.”

मी संध्याकाळच्या गाडीनं निघायचं म्हणत होतो. त्या दिवशी मुक्काम केला.