उशीखालची मेणबत्ती

डॅडीला हॉस्पिटलमधून घरी आणलं त्याच दिवशी ऑक्सिजनचं मशीन बसवायला एक माणूस आला. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि आमच्या आल्तारकडे बोट दाखवलं. आल्तार म्हणजे मोठं काही नाही. पलंगासमोरच्या भिंतीवर एक फळी, तिच्यावर येशूची तसबीर, मरियामातेची मूर्ती आणि पितळी स्टँडमध्ये मेणबत्ती.

"हे बंद," तो म्हणाला. "मशीन चालू असताना खोलीत ज्योत नको. ऑक्सिजन कपड्यांत, चादरीत मुरतो. ठिणगी पडली तर भडका उडेल."

मी त्याच्यादेखतच मेणबत्ती उचलली. डॅडीची नजर मेणबत्तीबरोबर दारापर्यंत आली. ती नजर म्हणजे संकट, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

अंधेरीतल्या आमच्या गावठाणात चर्चची संध्याकाळची घंटा झाली की डॅडी मेणबत्ती लावायचा, जपमाळ हातात घेऊन रोझरीची प्रार्थना म्हणायचा आणि मग ज्योत चिमटीने विझवायचा. फुंकर मारायची नाही. देवापुढच्या ज्योतीला उष्टं तोंड लावायचं नाही, हा त्याचा कायदा. आणि आता त्याची एकुलती एक मुलगी, त्याच्याच घरात राहून त्याच्यावरच हुकूम चालवणारी, ती मेणबत्ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवत होती.

उपाय म्हणून मी सेलवर चालणारी मेणबत्ती आणली. तिची प्लॅस्टिकची ज्योत लुकलुकायची. डॅडीने एकदा तिच्याकडे पाहिलं. "देवाला येडा समजतेस काय?" म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्या संध्याकाळी रोझरी झाली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मीही काही कमी हट्टी नाही. म्हटलं, बघू या कोण आधी वाकतंय.

मग एका सकाळी चादर बदलताना उशीखाली हाताला काहीतरी लागलं. मेणबत्ती. आणि काडेपेटी! त्याच्या नाकातल्या नळीपासून वीतभर अंतरावर.  शेजारच्या आंटीला सांगून त्याने दोन्ही गुपचूप मागवल्या होत्या.

"डॅडी, डोकं फिरलंय का तुझं? आख्खं घर पेटवणार आहेस?"

"बोंबलू नको. आता लावायला नाय ती."

ती फेब्रुवारीतल्या सणाला चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली मेणबत्ती होती. आमच्यात ती घरोघरी जपून ठेवतात आणि माणूस जायला लागला की पेटवून त्याच्या हातात देतात, पुढची वाट दिसावी म्हणून. मम्मीला ती मिळाली नव्हती. ती आयसीयूत गेली, काचेच्या आत. डॅडी बाहेर बाकावर होता, मेणबत्ती पिशवीत घेऊन.

"आयसीयूतल्या सिस्टरला विचारलं मी," तो म्हणाला. "नाय बोलली. माझ्या टायमाला तू नाय बोलू नको, बाय."

"म्हणजे ती पेटवायला तुझी नळी मीच काढायची?"

"तू नाय तर कोण?"

मला भयंकर राग आला. पोटच्या पोरीकडे असं काही मागतात का? मी काडेपेटी उचलली आणि तरातरा निघून गेले. मेणबत्ती मात्र उशीखालीच राहू दिली.

पुढच्याच आठवड्यात, दिवेलागणीला, त्याचा श्वास अडकायला लागला. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत उतरत होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, मशीन वाढवा, डोकं उंच करा, मी निघतोच आहे. मी सगळं केलं. आकडा हलेना. डॅडीचे ओठ निळे पडले होते. त्याने उशीखालून मेणबत्ती ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली.

"लाव."

मी नळीकडे बघत राहिले. काढली आणि त्याची वेळ आलेली नसली, तर त्याला मीच मारलं. नाही काढली आणि वेळ आलेली असली, तर तो मम्मीसारखाच जाणार, आणि या खेपेला नाही म्हणणारी मी.

मला दोन्ही जमलं नाही. मेणबत्ती तशीच त्याच्या मुठीत दाबली, आंटीला हाक मारून पलंगापाशी बसवलं, स्वयंपाकघरातून जुनी मेणबत्ती, काडेपेटी घेतली आणि बाहेर धावले. खिडकीसमोरच, गल्लीच्या पलीकडे, गावठाणातला जुना क्रूस आहे. त्याच्या चौथऱ्यावर मी काडी ओढली. विझली. दुसरीही विझली. घाईत काडेपेटी खाली पडली, अर्ध्या काड्या सांडल्या. चर्चची घंटा सुरू झाली तेव्हा कुठे वात पेटली. ज्योतीला ओंजळीचा आडोसा करून मी रस्त्यातूनच मोठ्याने रोझरीतलं 'नमो मरिया' सुरू केलं. एक स्कूटरवाला थांबून बघायला लागला. बघू दे.

खिडकीतून आंटीने हात हलवला. त्याचा अर्थ मला कळेना. ये, की संपलं? मी पळत आत गेले.

आकडा चढत होता. डॅडीचे डोळे खिडकीवर होते आणि मूठ मेणबत्तीवर आवळलेली होती. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. बोलण्याइतका श्वास आल्यावर त्याने मला जवळ बोलावलं. वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवेल.

"मी लाव बोललेलो तुला."

"गेलास का वर? नाय ना!"

"गेलो असतो तर?"

मी त्याच्या मुठीतली मेणबत्ती सोडवून पुन्हा उशीखाली ठेवली.

आता मी रोज घंटेला क्रुसापाशी मेणबत्ती लावते आणि घरात येते. डॅडी खिडकीतून ज्योतीकडे बघत रोझरी म्हणतो. हातात ती दुसरी, न पेटवलेली. रोझरी संपली की तो माझी परीक्षा घेतो, लहानपणी प्रार्थना पाठ करून घ्यायचा तशीच.

"आधी काय?"

"मशीन बंद."

"मग?"

"नळी काढायची. चादर बाजूला, खिडकी उघडी. थोडं थांबायचं."

"मग?"

"काडी."

"थांबशील ते जास्त थांबू नको हां, बाय."

मी हो म्हणते आणि क्रुसापाशी जाऊन ज्योत चिमटीने विझवते. बोटं भाजतात. मग उरलेली मेणबत्ती आणि काडेपेटी घेऊन घरात येते.