श्रीरामपूरचं घर आणि दोन मुठी डाळ

श्रीरामपूरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळाल्याचं पत्र आलं, तेव्हा घरात आधी आनंद झाला आणि लगेच काळजी सुरू झाली. आमच्या घरात शाळा शिकलेली मी पहिलीच. पण एकट्या मुलीला परगावी ठेवायचं नाही, हे आईचं ठरलेलं. म्हणजे सगळ्यांनी पुणं सोडायचं, नाहीतर मी नोकरी सोडायची. अण्णा, माझे वडील, शिंपीकाम करतात. एका खोलीत मशीन, चूल आणि पाच माणसं, याला ते कंटाळले होते. आईची मात्र एक अट होती. तिचं लहानपण मचूळ पाण्याच्या गावात गेलेलं, जिथं डाळ कधी धड शिजायची नाही. तिनं फडक्यात दोन मुठी तुरीची डाळ बांधून दिली आणि म्हणाली, "घराच्या विहिरीच्या पाण्यात शिजवून बघ. शिजली तरच घर घ्या."

शाळेला आठ दिवसांत कळवायचं होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी आणि अण्णा निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते: तिकीट बेलापूरचं मागावं, कारण गाव श्रीरामपूर असलं तरी स्टेशनाचं नाव बेलापूर आहे. हे मी खिडकीवर तीनदा विचारून घेतलं. चौथ्यांदा विचारणार तोच अण्णांनी माझा हात धरून बाजूला ओढलं. दौंडला गाडी बदलावी लागते. नगरपर्यंत नुसता उघडा माळ आणि धूळ. डोक्याला रुमाल हवाच. नगरच्या स्टेशनावर गरम भजी मिळाली. पुढे राहुरीच्या बाजूला एकदम हिरवं दिसायला लागतं. पाटाचं पाणी, ऊस, मोसंबीच्या बागा. समोर बसलेला एक शेतकरी अण्णांना म्हणाला, "शिंपी हाय म्हन्ता? मंग या की. सुगीत लई कापड खपतं. शिवनारंच न्हाईत!" अण्णा तिथूनच खूश झाले.

स्टेशनाबाहेर पडलो तर उसाच्या गाड्यांची रांग आणि हवेत साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. पहिल्या दिवशी तो नाकात बसतो, दुसऱ्या दिवशी कळतही नाही. शाळेनं एक घर सुचवलं होतं. पुण्यात एका खोलीला देतो तेवढ्याच भाड्यात इथं दोन खोल्या आणि रस्त्याकडे तोंड असलेली पडवी मिळत होती. घरमालकीण गयाबाई शेजारीच राहतात. मळा मुलं बघतात, भाड्याचं त्या बघतात. अण्णांनी पडवीत उभं राहून मशीन कुठं ठेवायचं तेही ठरवून टाकलं.

मी रिकाम्या खोलीतली चूल पेटवली. गयाबाईंनी कळशीभर पाणी आणून दिलं. निम्मी डाळ टाकली, तर तासाभरात लोण्यासारखी शिजली. गयाबाईंनी बाजरीच्या भाकरी थापून दिल्या, भाकरीबरोबर आम्ही ती डाळ वरपली. अण्णांनी घर पक्कं केलं.

मग मी भांडी घासायला घरामागच्या विहिरीवर गेले. पाणी शेंदलं, हाताला साबण लावला. फेसच येईना. पुन्हा लावला. ओशट साय आली, फेस नाही.

"गयाबाई, मघाचं पाणी याच विहिरीचं ना?"

"छ्या! ही मचूळ हाय. पाव्हन्यांना असलं पानी देऊ व्हय? ते पाटापलीकडच्या गोड्या विहिरीचं. आमी समदे सैपाकाला तिथलंच आनतो."

त्यांनी फसवलं नव्हतं. पाहुणचार केला होता. चूक माझीच, पाणी मी स्वतः शेंदलं नव्हतं. अण्णांना सांगितलं, तर ते हळूच म्हणाले, "डाळ शिजली ना? मग झालं. पाणी कुठलं ते तुझ्या आईनं विचारलं तर सांगू."

"पण तिनं या विहिरीचं म्हटलं होतं, अण्णा."

"तू मास्तरीण होणार की कोर्टातली साक्षीदार?"

मला हसू आलं आणि रडूही. गप्प बसले असते तर नोकरी पक्की होती. पण पहिल्याच दिवशी आईनं त्या पाण्याची डाळ चढवली असती, आणि मी तिच्यासमोर बसून काय केलं असतं? उरलेली डाळ मी मागच्या पाण्यात शिजत घातली. दोन तासांनीही दाणा बोटानं चेपेना.

मग गोड्या विहिरीवर जाऊन आले. पाटावर टाकलेल्या फळीवरून पलीकडे, बाभळींखालून, फार लांब नाही. पण भरली कळशी घेऊन येताना लांब वाटतं. विहिरीवर सात-आठ बायका होत्या. एकीनं विचारलं, "शाळंच्या नव्या बाई का तुमी?" मी हो म्हटलं तर ती शेजारणीला म्हणाली, "बघ गं, बाई बी आपल्यासारक्याच पान्याला येत्यात. आता तुजी पोरगी न्हाई कशी म्हनंल शाळंला?" दुसरी म्हणाली, "आदी त्यान्ला कळशी तर उचलू दे!" सगळ्या हसल्या. परत येताना माझी अर्धी कळशी वाटेतच हिंदकळून सांडली.

पुण्याला परत आल्यावर आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं. लोण्यासारखी डाळ, न शिजलेली डाळ, पाटावरची फळी. अण्णा मशीनला तेल घालत मान खाली घालून बसले होते. आईनं विचारलं,

"पाणी कोण आणणार?"

"मी. शाळेच्या आधी."

"आणि संध्याकाळचं?"

"तेही मीच."

"तिथं बायका असतात का? की एकटीनं जायचं?"

मी विहिरीवरचं बोलणं सांगितलं. सांडलेली कळशीही सांगितली. आई पहिल्यांदा हसली. ती उठली, फळीवरचा मोठा पितळी हंडा खाली काढला, हातात तोलून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग तांब्याची लहान कळशी काढली आणि तिला चिंच लावत बसली.

"हंडा तुला झेपायचा नाही," ती म्हणाली. "सुरुवातीला माझ्याबरोबर चल. पाणी डोक्यावर न सांडता कसं आणतात, ते शाळेत नाही शिकवलं तुला."

शाळेला होकाराचं पत्र मी त्याच दुपारी टाकलं.