द्राक्षांच्या वासाची प्लेट

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या फ्रीगंज बाजारात द्राक्षांच्या गाडीजवळून गेलं की मला ती हिरवट झाक आलेली प्लेट आठवते. शहरात तेव्हा घरोघरी केबल येत होती आणि मी एका नर्सिंग होमच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते. वरच्या वॉर्डात गणित शिकवून निवृत्त झालेल्या एक मराठी बाई होत्या. मांडीचं हाड मोडल्यामुळे त्यांना लघवीची नळी लावली होती, आणि चार दिवस हुडहुडी भरून ताप येत होता. मोठे डॉक्टर मलेरियाचं औषध देत होते. मी लघवीचा नमुना जंतू वाढवायच्या प्लेटवर लावला, तर दुसऱ्या सकाळी झाकण उघडताच द्राक्षांसारखा गोड वास आला. नळीत घर करणाऱ्या एका चिवट जंतूचा तो वास मी शिकताना घेतला होता. पक्का रिपोर्ट यायला अजून दोन दिवस होते, आणि बाई आता माणसं ओळखेनात. मी प्लेट घेऊन थेट राउंडमध्ये शिरले. "अब लैबवाले इलाज बताएँगे?" डॉक्टर म्हणाले. "सर, नली आज ही निकलवाइए. ग़लत निकला तो नौकरी मेरी जाएगी," असं म्हणून मी केसपेपरवर जंतूचं नाव लिहिलं, सही केली आणि तिथेच उभी राहिले. शेवटी त्यांनी नळी काढायला लावली, औषध बदललं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, रिपोर्टही तोच आला. डॉक्टर मात्र महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता आमचं मशीन जंतूचं नाव दोन तासांत सांगतं. तरी परवा नवी मुलगी रिपोर्ट ट्रेमध्ये ठेवून स्वस्थ बसली होती. मी म्हटलं, "ऊठ, वर जा, आणि डॉक्टर वाचेपर्यंत तिथून हलू नकोस."