चादरीवरचा हात

माझ्या धाकट्या दिरांना लॉन्ड्रीत सगळे साडेनऊ म्हणतात. विसाव्या वर्षी इस्त्रीच्या रुळात उजव्या हाताची अर्धी करंगळी गेली, आणि हे नाव त्यांनी स्वतःच ठेवून घेतलं. "दहा मोजायला गेलात तर चुकाल," म्हणायचे. मग मालकांनी त्यांना रुळावरून उठवून व्हॅनवर बसवलं. एकोणीस वर्षं त्यांनी ती व्हॅन चालवली आणि एका मांजरालासुद्धा धक्का लावला नाही. हे मी ते माझे दीर आहेत म्हणून सांगत नाही. दीर म्हणून सांगायचं तर माणूस हट्टी, जेवताना वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसणारा, आणि दुसऱ्याचं ऐकलं तर कान झिजतील असं समजणारा.

मी त्याच लॉन्ड्रीत रुळावर काम करते. इस्पितळाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे आमच्याकडे येतात. सकाळी सहाला रूळ तापतो, सातला गरम गठ्ठे व्हॅनमध्ये चढतात आणि आठच्या आत वॉर्डात पोचतात. परतताना व्हॅन मळक्या चादरी घेऊन येते.

थंडीत या गरम गठ्ठ्यांचा एक त्रास असतो. गठ्ठ्यांच्या उष्णतेने व्हॅनचं छत तापतं, वर साचलेल्या बर्फाचा खालचा थर वितळतो, आणि रात्री तोच पुन्हा गोठून त्याची काचेसारखी लादी होते. इतर गाड्यांवर भुसभुशीत बर्फ असतो, आमच्या व्हॅनवर लादी. म्हणून रोज शिडी लावून, खरवडून ती काढायची. कायदाही सरळ आहे. तुमच्या गाडीवरून जे उडेल ते तुमचं. बर्फ असो, वाळू असो की सुटलेली ताडपत्री. जबाबदार गाडी चालवणारा. मालकांनी दाराजवळ खिळ्याला एक वहीच टांगली होती. तारीख, पुढे 'छत साफ', पुढे बरोबरची खूण.

त्या पानगळीत व्हॅनचं छत गळायला लागलं होतं. भाऊजींनी वर चढून भोकावर डांबर थापलं. उतरताना शिडी सरकली, तोल सावरायला त्यांनी हात टेकला, तो नेमका ओल्या डांबरात. चांगला बोटभर खोल ठसा उमटला. आम्हा सगळ्यांना वर चढवून त्यांनी तो दाखवला होता. "गाडीवर सही केली," म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो होतो.

आता त्या सकाळबद्दल. रूळ अडकला आणि माझे गठ्ठे उशिरा निघाले. उशीर माझा, हे आधीच सांगून टाकते. भाऊजी शिडी लावत होते. इस्पितळातून दोनदा फोन येऊन गेला होता. मी ओरडले, "राहू द्या हो आज! रस्त्यावर आपोआप उडून जाईल. वहीत खूण मी करते."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं. मी वहीत खूण केली.

पुलावर त्यांना छतावर धप्प असं झालेलं जाणवलं. "कोणीतरी वर बसलं होतं आणि उठून गेलं, असं वाटलं," असं ते मला नंतर म्हणाले. आरशात नुसतं पांढरं दिसलं. त्यांना वाटलं, बर्फ घसरला असेल. ते पुढे गेले. वॉर्डात गठ्ठे उतरवत असताना खाली एका बाईंना आणलं. गाडीची समोरची काच फुटून चेहऱ्यात घुसली होती. वॉर्डातल्या मावशींनी घाईघाईत भाऊजींच्याच हातातली चादर ओढून घेतली आणि खाटेवर अंथरली. ती अजून कोमट होती, असं मावशी म्हणाल्या.

त्या बाई एका शाळेत चित्रकला शिकवायच्या. एक डोळा गेला, दुसऱ्याचं काही सांगता येत नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

दोन दिवसांनी हवालदार आला. पुढच्या पांढऱ्या व्हॅनवरून बर्फाची लादी उडून बाईंच्या काचेवर आदळली, एवढंच त्याला कळलं होतं. आमच्यासारख्या पांढऱ्या व्हॅन शहरात शेकडो, त्यामुळे तो सगळीकडे फिरत होता. त्याने वही पाहिली, त्या तारखेपुढची माझी खूण पाहिली, आणि "तुमचं सगळं व्यवस्थित असतं," म्हणून निघून गेला. बर्फ तर केव्हाच वितळला होता. मी सुटकेचा श्वास टाकला. खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी मळक्या चादरी वेगळ्या करताना एका चादरीच्या बरोबर मध्यभागी मला पेन्सिलची एक खूण दिसली. नखाएवढी. कसल्यातरी पंजासारखी. मी साबण लावून घासली, पण पुरती गेली नाही.

पाचव्या दिवशी त्याच जागी बशीएवढा पंजा होता. समोरून दिसणारा, बोटं वर. रेघ कुठेही थरथरलेली नव्हती. मी बोटं मोजली. करंगळी अर्धीच होती.

मी ती चादर आत चित्र येईल अशी दुमडली आणि उकळत्या पाण्याच्या यंत्रात टाकली. मग अंगणात गेले, शिडी लावली आणि व्हॅनवर चढले. भाऊजींनी सकाळीच छत खरवडलं होतं, पण ठशाच्या खळग्यात बर्फ राहून गेला होता. मी नखं घालून तो उचकटला. आख्खा पंजा सुटून माझ्या तळहातावर आला. पारदर्शक, तळव्यावरच्या रेषांसकट, साडेचार बोटांचा. मी कोणाशीतरी हात मिळवून उभी आहे असं मला वाटलं. तो वितळून मनगटावरून ओघळेपर्यंत मला तो टाकून द्यायचं सुचलं नाही.

म्हणजे त्या दिवशी छतावरून लादी उठली, तेव्हा तिच्या पोटाला हा हात होता. लादी हवेत उभी राहिली आणि मागच्या गाडीतल्या बाईंनी तो आपल्याकडे येताना पाहिला.

सहाव्या दिवशी चादर भाऊजींच्याच हाती लागली. चित्रातला हात आता खऱ्या हाताएवढा झाला होता. त्यांनी चादर टेबलावर पसरली, आपला उजवा पंजा त्याच्यावर ठेवला. रेघ कुठूनही बाहेर डोकावली नाही.

"मावशी सांगत होत्या," ते हळूच म्हणाले. "बाई म्हणतात, आभाळातून हात आला. डॉक्टर म्हणतात, डोक्याला मार लागलाय, असं होतं. झोप लागत नाही म्हणून बाईंनी पेन्सिल मागून घेतलीय."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, भाऊजी," मी म्हटलं. "कोण विचारायला येणार आहे? परवाना जाईल. आत घालतील. गाडीशिवाय तुम्ही काय करणार आहात?"

"वहिनी, तो रोज मोठा होतोय."

"कळतंय मला."

"मोठा होतोय म्हणजे जवळ येतोय. आपल्या दृष्टीने सगळं होऊन गेलंय. त्यांना तो अजून लागायचाय."

खरं सांगते, त्या क्षणी मला बाईंची दया आली नाही. मला भीती वाटली, माझी स्वतःची.

सातव्या दिवशी चादर उलगडली तर तळवा अर्ध्या चादरीवर पसरला होता. बोटं वरच्या काठापर्यंत पोचली होती, आणि अर्धी करंगळी माझ्या दंडाएवढी होती. भाऊजींनी चादरीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आम्ही इस्पितळाला पाठवतो तशी. "चला," म्हणाले. मी त्यांच्याबरोबर गेले, पण दारापर्यंतच.

बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पट्टीखालचं तोंड लहान दिसत होतं. भाऊजी खाटेशी उभे राहिले आणि एका दमात बोलून गेले, "व्हॅन माझी होती. छत मी साफ केलं नव्हतं. तो हात माझा आहे."

बाईंनी हात पुढे केला. भाऊजींनी आपला उजवा पंजा त्यात दिला. बाईंनी एकेक बोट चाचपलं, करंगळीशी आल्या, जिथे ती संपते तिथे थांबल्या. त्यांचा श्वास मला दारातून ऐकू येत होता. आता किंचाळतील असं वाटून मी डोळे मिटले.

"हा गरम आहे," बाई म्हणाल्या. आणि रडायला लागल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "तुम्ही एकटेच होतात?"

भाऊजींनी दाराकडे पाहिलं नाही. "एकटाच," म्हणाले.

तिथून ते चौकीवर गेले. वहीतली खूण कोणाची, असं हवालदाराने विचारलं. "माझीच," भाऊजींनी सांगितलं. परवाना गेला, खटला उभा राहिला. आता ते घरी असतात, जेवताना वर्तमानपत्र वाचतात. मला त्यांनी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर भांडता तरी आलं असतं.

चादरी कोऱ्या येऊ लागल्या. तरी मी प्रत्येक चादर उजेडाकडे धरून पाहते. नव्या ड्रायव्हरच्या आधी मीच शिडी चढते, छत खरवडते, ठशातला बर्फ बोटांनी काढते. एकदा मी त्यात माझा पंजा ठेवून पाहिला. करंगळी बाहेर राहिली, गार पत्र्यावर. चढताना दाराजवळची वही दिसते. पान उलटलं तरी ती खूण कुठे आहे हे मला न बघता सांगता येतं.

पण त्याआधीच, दहाव्या दिवशी, मी वॉर्डात गेले होते. मावशी म्हणाल्या, पट्टी अजून दोन दिवस आहे. मला तेवढं थांबायचं नव्हतं. बाईंनी पावलं ऐकली आणि हात पुढे केला. त्यांना वाटलं असेल, भाऊजी आले. मी माझा हात दिला. त्यांनी अंगठ्यापासून सुरुवात केली, सावकाश, करंगळीपर्यंत गेल्या, आणि तिचं टोक चिमटीत धरून थांबल्या.

"हा तर पुरा आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

हात सोडवून घ्यावा असं वाटलं, पण त्यांनी तो घट्ट धरला होता.

"त्या दिवशी राहू द्या म्हणाले, ती मी," मी म्हटलं. "वहीत खूण मी केली."