उलट्या आट्यांचा पाना

नांदेडात लाकूड कापायच्या पेट्रोल मशीनचा क्लच अडला, की मेकॅनिक माझ्या दुकानी येऊन ‘काकाचा पाना’ मागतात. तो मी बनवलेला नाही. हे सांगितलं की ते हसतात. म्हाताऱ्याचा मोठेपणा म्हणतात. अशा वेळी तोच पाना त्यांच्या टाळक्यात हाणावासा वाटतो.

पाना बनवला माझ्या जुन्या भागीदारानं. तेव्हा आम्ही नांदेडात एकत्र दुकान चालवायचो. किनवटकडून मशिनी दुरुस्तीला यायच्या. त्यांच्या क्लचला बाजारातला पाना बसत नाही, आणि आटे उलटे. मोटारसायकलींवर हात बसलेला माणूस सवयीनं डावीकडं जोर लावतो आणि क्लच आणखी आवळत नेतो. मी तर छिन्नीनं ठोकून एक फोडलाही होता.

त्यानं पाण्याच्या पाइपाचा वीतभर तुकडा घेतला. क्लचच्या खाचांत बसतील असे दात कानशीनं काढले, दुसऱ्या टोकाला जाड नट वेल्डिंग केला. पिस्टन हलू नये म्हणून प्लगच्या भोकातून पायजम्याचा नाडा आत सरकवला. क्लच सुटला. दात तापवून, पाणी देऊन कडक करू, असं मी म्हणालो.

“नगं,” तो म्हणाला. “मोडायचंच तर पान्यानं मोडावं, मशीननं न्हाई.”

पुढं तो आपल्या गावाकडं लातूरला गेला आणि पाना माझ्याकडं राहिला. आमच्या धंद्यात अवजार ज्याच्या दुकानातून मागून नेतात, त्याच्याच नावानं ओळखलं जातं. मी ते चालू दिलं. ऐकायला बरं वाटायचं.

मध्यंतरी एका मेकॅनिकनं मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला. हे डोकं लातूरच्या माणसाचं, असं मी त्यात नाव घेऊन सांगितलं. त्यानं नेमकं तेवढंच कापलं.

“लई लांबत होतं, काका.”

व्हिडिओ फिरत फिरत लातूरला पोचला. मी फोन लावत राहिलो, भागीदारानं उचलले नाहीत. शेवटी बसनं गेलो. तो दुकानात कार्बोरेटर धूत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “या, पान्याचे मालक!”

“अरे, मी तुझं नाव घेतलं होतं. त्या गाढवानं कापलं.”

“हाव? आन् इतकी वर्षं कोण कापून राहिलं होतं?”

त्यानं समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली, “पाहुण्याला एक चहा दे रे!” एकाच ताटात जेवलेल्या माणसाला तो पाहुणा म्हणाला. चहा मी एकट्यानं प्यालो.

निघताना म्हणालो, “पुन्हा व्हिडिओ काढतो. तू ये.”

“मला कशाला नाचवतो? ज्यांना पाना देतोस, त्यांना सांग.”

आता तसंच करतो. आधी सगळं ऐकायचं, मग पाना न्यायचा. काही जण मोबाइल बघत ऐकतात. एक जण तर “गिऱ्हाईक थांबलंय, पुराण नंतर सांगा,” म्हणून रिकाम्या हातानंच निघून गेला. मी त्याला थांबवलं नाही.

हे लातूरला कळवायला परवा फोन लावला. पूर्ण वाजला. उचलला नाही.