रिसॉर्टचा फोन नंबर

"सगळ्या वेफर फेल होतायत," कंपनीतला माझा सहकारी फिल फोनवर सांगत होता. मी सिएराच्या डोंगरांतल्या एका रिसॉर्टच्या काउंटरला टेकून ऐकत होतो. खिडकीबाहेर तळं होतं, आणि धक्क्यावर माझी बायको सुधा नवे स्नीकर्स घालून होडीपाशी माझी वाट पाहत होती.

१९८५चा उन्हाळा. कॅलिफोर्नियात सांता क्लारामधल्या एका चिप कंपनीत मी टेस्ट इंजिनिअर होतो. वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्यावर शेकडो चिप असतात. चकती कापण्याआधी प्रत्येक चिपला बारीक सुया टेकवून ती चालते का ते पाहायचं, हे आमचं काम.

अमेरिकेत येऊन सात वर्षं झाली होती आणि ही आमची पहिली सुट्टी. तोवरचा प्रत्येक लाँग वीकएंड भारतातून नव्याने आलेल्या कोणाला तरी घरी ठेवून घेण्यात आणि ड्रायव्हिंग शिकवण्यात गेला होता. सुधाने एवढंच मागितलं होतं, की तीन दिवस स्वयंपाक नाही, पाहुणे नाहीत, आणि दोघांनी होडीने तळ्यापलीकडे जायचं. केबिनमध्ये फोन नाही म्हणूनच तिने हे रिसॉर्ट निवडलं. मी मात्र रजेच्या अर्जावर रिसॉर्टच्या ऑफिसचा नंबर लिहून आलो. कोणी मागितला नव्हता. रजा घेतली की चोरी केल्यासारखं वाटायचं, नंबर दिल्यावर जरा बरं वाटलं.

शनिवार त्यातच गेला. फिलला मशीन बदलून बघायला सांगितलं. तेच. टेस्ट प्रोग्रॅमची जुनी कॉपी लोड करायला सांगितली. तेच. दर वेळी तो तासाभराने फोन करणार, म्हणून मी काउंटरपासून हलेना. सुधा दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली नाही, तेव्हा तरी मी उठायला हवं होतं.

रविवारी सकाळी डोक्यात आलं, आधी पास झालेली एखादी वेफर पुन्हा लावून बघू. तीही फेल झाली. म्हणजे चिप चांगल्याच होत्या, सुयांच्या टोकांना मळ धरला होता. मशीन बदललं तरी सुया बसवलेलं कार्ड फिलने तेच लावलं होतं. सुया पुसल्यावर सगळं सुरळीत झालं.

धावत धक्क्यावर गेलो. होडी परत येत होती. शेजारच्या केबिनमधल्या म्हाताऱ्या जोडप्याबरोबर सुधा बसली होती, उन्हाने लाल झालेली, मनापासून हसत. मला पाहून तिने हसू आवरलं.

"कसं आहे पलीकडे?" मी विचारलं.

"सांगून नाही कळणार हो," ती म्हणाली. "तुमचं काम झालं का?"

अकराला केबिन सोडायची होती. आम्ही बॅगा भरायला गेलो.

सोमवारी मॅनेजरने पाठ थोपटली. मग म्हणाला, "पण नंबर कशाला ठेवलास? शिपमेंट गुरुवारची आहे. मी आजपर्यंत थांबलो असतो." त्याच्या स्वतःच्या रजेच्या अर्जावर नुसतं 'फिशिंग' लिहिलेलं असायचं.

पुढे मुलं झाली, प्रमोशन झालं, सुट्ट्याही बऱ्याच झाल्या. त्या तळ्यावर जाणं तेवढं राहिलं. आता मी रिटायर झालोय आणि सुधाचे गुडघे तिला होडीत चढू देत नाहीत. सुया पुसायला दहा मिनिटं लागतात, आणि सुया सोमवारीही पुसता येतात. मला तो पलीकडचा काठ तिच्याबरोबर बघायचा होता. अजूनही बघायचा आहे.