टेकचंद हरिणखेडे आणि उलटी चिमणी

कै. टेकचंद दुधराम हरिणखेडे. जन्म गोंदियालगतचे फुलचूर, सन १९०८; मृत्यू फुलचूर, सन १९६०. व्यवसायाने ते प्रकाशयंत्रांचे अभियंते, म्हणजे दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक आणि तोफांची नेमयंत्रे यांतील भिंगांचे गणित मांडणारे व ती भिंगे घासून सिद्ध करणारे होते. आवडीने खगोलाचे अभ्यासक. गोंदियाचा बाजार त्यांना मरेपर्यंत ‘चष्मेवाले’ म्हणत राहिला आणि ते बाजाराला मरेपर्यंत अडाणी म्हणत राहिले. दोन्ही पक्ष आपापल्या शब्दाला जागले.

युद्धकाळात ते उत्तरेकडील एका सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. १९४७ साली गोरा साहेब गेला आणि त्याच्या खुर्चीत देशी साहेब बसला. या साहेबाला भिंगातले काही कळत नाही, असे टेकचंदांनी त्याच्या तोंडावर सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. तो नामंजूर होईल अशी त्यांची खात्री होती. तो तत्काळ मंजूर झाला.

गावी परतून त्यांनी वडिलार्जित धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, पिकाच्या वाट्यावर बटईने लावल्या आणि गोंदियाच्या बाजारात चष्म्याचे दुकान काढले. गिऱ्हाइकाला हाकलण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. आरशात पाहून चौकट निवडणाऱ्याला ते सांगत, की आपण डोळ्यांच्या नव्हे, मिशांच्या दुकानात जावे. शेजारचे दुकानदार त्यांच्याकडून पत्रिका मांडून घेऊ पाहत, कारण ग्रहताऱ्यांचा माणूस आणखी कशाला असतो? त्यावर ते जे बोलत, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

या सगळ्या तिरस्काराच्या मुळाशी एक खरी गोष्ट होती. युद्धानंतरच्या लिलावात त्यांनी दोन जाड, निर्दोष काचा मिळवल्या होत्या, आणि त्यांतून ते दुर्बिणीचे मुख्य भिंग घडवीत होते. गोंदियाच्या लाखेच्या कारखान्यातली लाख वितळवून काच मुठीला चिकटवायची आणि डांबराच्या थरावर ती घासत बसायचे. उन्हाळ्यात ते डांबर मऊ पडे, म्हणून हे काम फक्त हिवाळ्यात चाले. पत्नी सुलोचनाबाई यांच्या चुलीवर कित्येक हिवाळे भाताआधी लाख चढली. भिंग मात्र उत्तम उतरले. हे त्यांच्या शत्रूंनाही नाकारता आले नसते, आणि शत्रू पुष्कळ होते.

१९५६ च्या भाद्रपदात मंगळ पृथ्वीच्या फार जवळ येणार होता. इतका जवळ तो पुन्हा पंधरा वर्षांनी यायचा होता, आणि तितके आयुष्य आपल्याला मिळेल असे टेकचंदांना वाटत नव्हते. फुलचूरच्या घराभोवती झाडे दाट. शिवाय दुर्बीण हलू नये म्हणून पक्का खांब हवा होता. तशी जागा एकच होती, ती म्हणजे गोंदियातल्या शाळेच्या नव्या इमारतीची गच्ची. शाळा समितीचे अध्यक्ष ईश्वरदास शेट, राईस मिलचे मालक. त्यांनी खांब बांधून दिला. मोबदल्यात टेकचंदांनी दुर्बीण शाळेला अर्पण केली आणि तिच्यापाशी रोज संध्याकाळी बसण्याचा हक्क तेवढा मागून घेतला. गच्चीची किल्ली समितीकडे राहिली. या शेवटच्या गोष्टीचा विचार करण्याइतके व्यवहारज्ञान भिंगांच्या गणितात नसते.

उद्घाटन माघ महिन्यात झाले, आणि तेही सकाळी दहा वाजता, कारण नागपूरच्या पाहुण्यांना दुपारची गाडी धरायची होती. ताऱ्यांची दुर्बीण भर उन्हात सुरू करण्याचा हा मान बहुधा आमच्याच शहराला मिळाला असेल. नारळ फुटला, हळदकुंकू वाहून झाले. दाखवायला काहीतरी हवे म्हणून मुख्याध्यापक रामलाल कटरे यांनी दुर्बिणीचे तोंड शेटजींच्याच मिलकडे वळवले. मिलच्या चिमणीवर शेटजींचे नाव हातभर अक्षरांत रंगवलेले होते. शेटजींनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला.

“टेकचंदजी, ये तो उलटा दिसून राहिला.”

“आकाशाच्या दुर्बिणीत सगळेच उलटे दिसते,” टेकचंद म्हणाले. “ताऱ्यांना वर-खाली नसते.”

“पर माझ्या मिलले हाये ना.”

“शेटजी, ही दुर्बीण आपल्या मिलसाठी केलेली नाही.”

एवढ्यावर थांबले असते तर निभावले असते. पण पाहुण्यांनीही डोळा लावला, आणि डोक्यावर उभी राहिलेली मिल पाहून ते मनापासून हसले. मागोमाग सगळी गच्ची हसली. टेकचंदही हसले; आयुष्यात चार लोकांत हसण्याची त्यांना तेवढीच वेळ साधली.

दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप लागले. दुर्बिणीत वस्तू सरळ दिसेपर्यंत ते काढायचे नाही, असे समितीने ठरवले. उपाय किरकोळ होता. नळीच्या डोळ्याकडच्या टोकाला आणखी एक भिंग बसवले की प्रतिमा सरळ होते; टेकचंदांना ते आठवड्यात करता आले असते. त्यांनी नकार दिला. जादा भिंग प्रकाश गिळते आणि मंगळावरच्या बारीक खुणा पुसट होतात, हे कारण शास्त्राला धरून होते. रामलालजी घरी येऊन म्हणाले, की शेटजींपुरते भिंग लावू आणि संध्याकाळी काढून ठेवू. मग शास्त्राचे कारण उरले नाही. तरी नकार उरलाच.

श्रावण सरता सरता सुलोचनाबाईंनी तोंड उघडले. नवऱ्याच्या यंत्रांबद्दल त्या सहसा बोलत नसत.

“एक काच तं लावाची हाये. कायले एवढं तानून राहिले?”

टेकचंदांनी तत्त्वाची गोष्ट काढली. बाईंनी ती पुरी ऐकून घेतली.

“मले एक सांगा. तुमाले मंगळ पाहाचा हाये, का शेटले वाकवाचा हाये?”

“दोन्ही,” टेकचंद म्हणाले.

“मंग एकबी नाई होनार,” असे म्हणून बाई गोठ्याकडे गेल्या.

भाद्रपदात पाऊस उघडला. संध्याकाळ झाली की मंगळ झाडांच्या फटीतून लाल निखाऱ्यासारखा वर येई. टेकचंद अंगणात मान वर करून उभे राहत आणि मग आत येऊन जेवायला काय आहे असे विचारत. अंगणातून जे दिसत होते, ते गोंदियातल्या प्रत्येक अडाण्यालाही दिसत होते. शाळेच्या गच्चीवर कुलपामागे त्यांचे निर्दोष भिंग धूळ खात होते. शेटजींनी किल्ली पाठवली नाही. यांनी मागितली नाही. मंगळ यथाकाल दूर गेला.

पुढची चार वर्षे टेकचंदांनी शाळेकडे पाहिले नाही. १९६० च्या पावसाळ्यात ते तापाने वारले. शोकसभेचे अध्यक्षस्थान अर्थातच ईश्वरदास शेटांनी भूषवले आणि टेकचंदांनी गोंदियाचे नाव ताऱ्यांपर्यंत पोचवल्याचे सांगितले. पोचले असल्यास उलटे पोचले असेल, हे म्हणायला तेथे कोणी उरले नव्हते.

मागची व्यवस्था अशी झाली. सुलोचनाबाईंनी दुकानातली यंत्रे मोडीत काढली आणि आलेल्या पैशांतून नागपूरहून ते जादा भिंग करवून आणले. शेटजींनी आपली चिमणी सरळ पाहिली, नाव वाचले, आणि त्याच दिवशी कुलूप निघाले. रामलालजी संध्याकाळी ते भिंग काढून ठेवतात आणि मुलांना आकाश दाखवतात. इतक्या वर्षांत त्या भिंगाची चौकशी करायला कोणी आलेले नाही. शेटजीही पुन्हा गच्चीवर चढले नाहीत.

रामलालजींनी बाईंनाही बोलावले होते. त्या म्हणाल्या, “मले पाहून का कराचं हाये? ज्यायले पाहाचं होतं, त्यायनं पाह्यलं नाई.”

दिवंगतांची तसबीर शाळेत लावावी, असा ठराव समितीने एकमताने केला होता. ती अद्याप लागलेली नाही.